रफियनचा उजवा पाय : शेवटचे आठ तास

७ जुलै १९७५ च्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी, न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्क रेसकोर्ससमोरच्या घोड्यांच्या दवाखान्यात तीन वर्षांच्या एका घोडीला इंजेक्शन देऊन मरण देण्यात आलं. तिचं नाव रफियन. साधारण आठ तासांपूर्वी ती अमेरिकेतली सर्वांत वेगवान घोडी होती. आयुष्यात एकही शर्यत ती हरलेली नव्हती.

हाड मोडलं ते एका क्षणात. घोडी गेली ती त्यानंतरच्या तासांत. या तासांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. घोड्याचा पाय मोडला की त्याला गोळी घालतात, एवढंच लोकांना सिनेमांमुळे माहीत असतं. का घालतात, ते क्वचितच कुणी सांगतं. सुजलेला, दुखावलेला पाय घेऊन उभं असलेलं इतकं मोठं जनावर वाचवायचं म्हणजे नेमकं कशाशी झुंजायचं, ते रफियनच्या त्या रात्रीत दिसतं.

त्याआधी

रफियनचा जन्म १७ एप्रिल १९७२ चा, केंटकी राज्यातल्या पॅरिस गावाजवळच्या क्लेबोर्न फार्मवरचा. मालक स्टुअर्ट आणि बार्बरा जॅनी हे दांपत्य, ट्रेनर फ्रँक व्हाइटली. अंगाने भरलेली, उंच, जवळजवळ काळी दिसणारी घोडी. २२ मे १९७४ रोजी बेलमाँटलाच ती पहिल्यांदा धावली आणि पंधरा लेंग्थनी, म्हणजे पंधरा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, जिंकली. त्यानंतरच्या नऊ शर्यतीही तिने जिंकल्या. त्या दहा शर्यतींत ज्या ज्या टप्प्यावर नोंद घेतली जाते, त्या प्रत्येक टप्प्यावर तीच पुढे होती. समोर दुसऱ्या घोड्याची पाठ कशी दिसते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

पण त्या कोऱ्या पाटीवर एक ओरखडा होता. १९७४ च्या हंगामाच्या शेवटी तिच्या मागच्या उजव्या पायाच्या हाडाला बारीक चीर गेली आणि उरलेला हंगाम तिला तबेल्यात काढावा लागला. तिचा बाप रिव्ह्यूअर यालाही धावण्याच्या काळात पायाच्या दुखापतींनी पुन्हा पुन्हा घरी बसवलं होतं. घराण्यात वेग होता आणि पायांची नाजूकताही होती. विश्रांतीनंतर ती परत आली ती पूर्वीसारखीच. २१ जून १९७५ पर्यंत तिने तिच्या वयाच्या माद्यांच्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या. शेवटची दीड मैलाची होती. त्यानंतर १५ दिवसांनी, ६ जुलैला, ती बेलमाँटवर आयुष्यातली शेवटची शर्यत धावणार होती.

६ जुलै, पहाट : एकवीस तास

रेसकोर्सच्या तबेल्यात दिवस पायांपासून सुरू होतो. जगात कुठेही जा, महालक्ष्मीला किंवा पुण्याला, पद्धत हीच. खराऱ्याआधी, खोगिराआधी, माणूस घोड्याच्या बाजूला खाली बसतो आणि गुडघ्याखाली हात फिरवतो. गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागची शीर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून वरून खाली यायचं. कुठे गाठ लागते का, कुठे दाबल्यावर घोडा पाय ओढून घेतो का, ते बघायचं. मग घोट्याला तळवा लावून थांबायचं. पाय गार लागला पाहिजे. घोट्याच्या मागच्या अंगाला दोन बाजूंनी रक्ताच्या नाड्या खुराकडे उतरतात. निरोगी पायात ती नाडी बोटाला जेमतेम लागते. ती ठणठण उडत असेल तर खाली खुरात काहीतरी पेटलेलं आहे. एका पायाची दुसऱ्याशी तुलना केल्याशिवाय उठायचं नाही.

रात्रभर एका जागी उभं राहून मागचे दोन्ही पाय थोडे भरून येतात. ते फिरवल्यावर उतरतात, त्याची चिंता नसते. एकच पाय सुजलाय, तो गरम आहे आणि दाबलं की दुखतोय, तर त्या दिवशी तो घोडा बाहेर पडत नाही. हा अनुभवी मोतद्दाराचा नियम आहे आणि पशुवैद्यकशास्त्रही त्याच्या बाजूने आहे.

व्हाइटली जुन्या वळणाचा, हाताने पाय वाचणारा माणूस होता. त्या सकाळी शर्यत रद्द करावी असं काही हाताला लागलं नाही. हाताला लागण्यासारखं काही नसेलही. सततच्या दौडीने हाडाच्या आत सूक्ष्म भेगा पडत जातात, शरीर त्या भरत जातं, आणि कधीतरी पडण्याचा वेग भरण्याच्या वेगाच्या पुढे जातो. तोवर बाहेर ना सूज, ना ऊब, ना लंगडणं. १९७५ साली एक्स-रेपलीकडे दुसरं साधन नव्हतं, आणि अशा भेगा एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत. उभ्या घोड्याच्या घोट्याचं पीईटी स्कॅन करणारं यंत्र कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सवर बसलं ते २०१९ च्या अखेरीस. रफियननंतर ४४ वर्षांनी.

दुपार

बेलमाँटवर ५० हजारांवर माणसं जमली होती. टीव्हीवर सुमारे दोन कोटी लोक बघणार होते. दोनच घोड्यांची शर्यत, सव्वा मैल, बक्षीस साडेतीन लाख डॉलर. प्रतिस्पर्धी फूलिश प्लेझर, त्या वर्षीच्या केंटकी डर्बीचा विजेता. दोन वर्षांपूर्वी टेनिसमध्ये बिली जीन किंगने बॉबी रिग्जला हरवलं होतं. तोच माहोल वर्तमानपत्रांनी इथे उभा केला होता. मादी विरुद्ध नर, बाई विरुद्ध पुरुष. बायकांनी तिच्या नावाचे बिल्ले लावले होते. जॉकी जॅसिंटो व्हास्केझ एरवी या दोन्ही घोड्यांवर बसायचा. कुणावर बसायचं हे त्याने निवडायचं होतं. त्याने रफियन निवडली.

दोन घोड्यांच्या शर्यतीत एक गोष्ट वेगळी असते. घोळक्यात लपायला जागा नसते, मधे दम खायला आडोसा नसतो. दोघांपैकी जो आधी मागे पडेल तो बहुधा संपतो. त्यामुळे पहिल्या पावलापासून पूर्ण जोर लावावा लागतो. रफियनसारख्या कुणाला पुढे जाऊच न देणाऱ्या घोडीसाठी याहून धोक्याची शर्यत नव्हती, असं माझं मत आहे.

संध्याकाळ, सहा वाजून गेलेले : आठ तास

गेट उघडलं. बाहेर पडताना रफियनचा खांदा गेटला आदळला, ती क्षणभर डगमगली आणि सावरून धावायला लागली. पहिला पाव मैल २२ सेकंद आणि एक पंचमांशात. रफियन नाकभर पुढे.

त्यानंतर फर्लांगभर अंतर. रफियन आता अर्ध्या लेंग्थने पुढे. कुणीतरी तिच्या बरगडीला चिकटून धावत होतं आणि तरी ती त्याला मागे टाकत होती. तेवढ्यात हाड मोडल्याचा आवाज झाला. व्हास्केझने तो ऐकला.

पुढच्या उजव्या पायाच्या घोट्यामागची दोन्ही छोटी हाडं तुटली होती. अक्रोडाएवढी ही हाडं घोट्याच्या मागे जोडीने बसलेली असतात. वरून नळीमागून येणारा जाड बंध त्यांना पकडतो, खालून दुसरे बंध त्यांना खुराकडे बांधतात, आणि या सगळ्या ताणलेल्या झोळीवर घोड्याचा घोटा तोललेला असतो. भर दौडीत पुढच्या एका पायावर घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. पाचशे किलोचं जनावर धरलं तर सव्वा टन, तोही एका खुरावर, आणि सेकंदाला दोनदा. ती दोन हाडं तुटली की झोळी सुटते. घोटा थेट जमिनीकडे खाली जातो.

व्हास्केझने लगाम खेचला. रफियन थांबेना.

ज्यांनी घोडा जवळून पाहिलेला नाही त्यांना हे पटत नाही. पाय मोडलेलं जनावर धावतं कसं? घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर आहे. कळपात मागे राहणारा मरतो, हे त्याच्या रक्तात आहे. दौडीत असताना रक्तात एवढं अॅड्रेनालिन असतं की वेदना पोचते ती नंतर. रफियन तीन पायांवर आणि एका तुटक्या टोकावर धावत राहिली. प्रत्येक पावलाला त्या दोन हाडांचा भुगा होत गेला, बंध फाटले, घोट्याची कातडी फाटली, आणि उघड्या सांध्यात धावपट्टीची रेती भरत गेली. शेवटी ती थांबली तेव्हा खूर लोंबत होतं. व्हास्केझने खाली उतरून तिला सावरून धरलं.

फूलिश प्लेझर पुढे एकटाच धावला आणि एकटाच विजयरेषेपलीकडे गेला.

पहिला तास

धावपट्टीवरच्या पशुवैद्यांनी पायाला हवेने फुगवायचा साचा चढवला. घोड्यांच्या अॅम्ब्युलन्समधून तिला आधी तिच्या तबेल्यात आणि मग समोरच्या दवाखान्यात नेण्यात आलं.

पायात काय चाललं होतं ते इथे थांबून बघायला हवं, कारण सुजलेल्या पायाची सगळी अडचण इथे आहे. घोड्याच्या पायात गुडघ्याखाली मांस नाही. हाड, शिरा, बंध आणि वर ताणून बसवलेली कातडी, एवढंच. माणसाच्या मांडीला मार लागला तर मांस सूज सामावून घेतं. घोड्याच्या घोट्याला लागलं तर सुजेला पसरायला जागा नसते. फुटलेल्या नसांतून रक्त साचतं, दुखावलेल्या पेशींकडे पाणी धावतं, आणि या सगळ्याचा दाब आतल्या आत वाढतो. तो दाब ज्या बारीक नसांतून खुराला रक्त जातं त्यांनाच चेपतो. रफियनच्या बाबतीत तर घोटा खाली कोसळल्याने त्याच्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्याही ताणल्या गेल्या होत्या. अशा वेळी खाली अख्खं खूर उपाशी राहण्याची भीती असते. जखम ज्यातून भरायची ते रक्तच पोचलं नाही, तर हाड बसवून उपयोग काय?

म्हणून पहिल्या तासात दोनच गोष्टी करायच्या असतात. पाय हलू द्यायचा नाही आणि सूज चढू द्यायची नाही. हलणारं प्रत्येक टोकदार हाड आतून नवीन नस कापतं. बर्फ किंवा गार पाणी नसा आकसवतं, गळती कमी करतं, दुखणं बोथट करतं. सगळीकडून सारखा हलका दाब आला तर पाण्याला साचायला जागा राहत नाही. हे बोलायला सोपं आहे. ज्याचा पाय लोंबतोय ते जनावर मात्र घाबरलेलं असतं, घामाने थबथबलेलं असतं, आणि तो पाय पुन्हा पुन्हा टेकवून बघत असतं. त्याला सांगता येत नाही की बाई, थांब, टेकू नकोस. त्याच्या दृष्टीने उभं राहणं म्हणजे जिवंत असणं.

आणखी एक संकट शरीरभर पसरत होतं. भर दौडीतून, तापलेल्या अंगाने, रक्त गमावून ती थेट आघाताच्या अवस्थेत गेली होती. विश्रांतीत घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं. वेदनेत आणि आघातात ते दुपटीपलीकडे जातं. असं जनावर भूल द्यायला सर्वांत वाईट. धडधाकट घोड्यांतही पूर्ण भुलीच्या आसपास साधारण शंभरात एक घोडा दगावतो. माणसात हे प्रमाण याच्या आसपासही नाही. इतकं वजन आडवं पडलं की स्वतःच्याच भाराने फुप्फुसं दबतात आणि खालच्या बाजूचे स्नायू रक्ताविना कडक होतात.

रात्र

पर्याय दोनच होते. तिथेच संपवायचं, किंवा भूल देऊन पाय उघडायचा. जॅनी दांपत्याने तिला संधी द्यायचं ठरवलं. मी त्यांना दोष देणार नाही. त्या क्षणी बाजूला उभं राहून हिशोब मांडणं सोपं असतं, पण ज्यांनी तिला शिंगरू असल्यापासून बघितलं त्यांना ते सोपं नव्हतं.

चार पशुवैद्य आणि माणसांच्या हाडांचे एक शल्यविशारद टेबलाभोवती होते. शस्त्रक्रिया तीन तास चालली. सांध्यात घुसलेली रेती धुवायची, मेलेला भाग कापायचा. भुगा झालेल्या हाडांना स्क्रू लावता येत नाही, कारण स्क्रूला पकडायला काही उरलेलंच नसतं. त्यामुळे घोटा ताठ करून धरायचा आणि तो तसाच जुळून येईल अशी आशा ठेवायची. धावणं संपलं होतं. तिने कुरणात चालावं, शिंगरं द्यावीत, एवढंच मागणं होतं. शेवटी पायाला जड प्लास्टर घातलं गेलं.

तीन तासांनी, शल्यवैद्यांच्या दृष्टीने, पायाचं काम झालं होतं.

मध्यरात्रीनंतर

शुद्धीवर येण्यासाठी तिला गादीच्या भिंतींच्या खोलीत जमिनीवर ठेवलं होतं. माणूस भुलीतून उठतो तेव्हा त्याला सांगता येतं, पडून राहा, पाय हलवू नका. नर्स हात धरते. घोडा भुलीतून उठतो तो उठून उभं राहण्यासाठीच. डोकं धड शुद्धीवर नसतं, पाय ऐकत नसतात, पण उभं राहा हा आदेश सगळ्यात आधी जागा होतो.

रफियन जागी होऊ लागली आणि पाय मारू लागली. पडल्या पडल्या ती धावत होती. ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं की ती अजून त्या शर्यतीत असल्यासारखीच होती. तिला धरायला माणसं होती, पण पाचशे किलोची घाबरलेली घोडी माणसांनी धरून राहत नाही. ती जमिनीवर गोल गोल फिरायला लागली. उजवा पाय हवेत आपटताना प्लास्टरचं ते जड टोक तिच्याच कोपरावर पुन्हा पुन्हा आदळत होतं. कोपराचा चुरा झाला. मग प्लास्टर सरकलं, आणि सरकताना त्याने जखम पुन्हा फाडली. तीन तासांचं काम काही मिनिटांत उलगडलं.

आता पुन्हा भूल द्यायची, कोपर आणि घोटा दोन्ही उघडायचे, आणि पुन्हा याच खोलीत तिला जागं करायचं. दुसऱ्या भुलीतून ती वाचली असती तरी पुन्हा जागं होताना हेच होणार होतं. तिथल्या सगळ्यांना हे कळलं. जॅनींनीही होकार दिला.

२ वाजून २० मिनिटे

इंजेक्शन दिलं.

बेलमाँटच्या मैदानात, झेंड्याच्या खांबाजवळ, विजयरेषेकडे तोंड करून तिला पुरण्यात आलं. २०२३ मध्ये रेसकोर्सच्या पुनर्बांधणीमुळे तिचे अवशेष तिथून काढून क्लेबोर्न फार्मला, जन्मगावी नेले गेले.

एकतीस वर्षांनी

२० मे २००६. बाल्टिमोरचा पिमलिको रेसकोर्स, प्रीकनेस शर्यत. दोन आठवड्यांपूर्वी केंटकी डर्बी साडेसहा लेंग्थनी जिंकलेल्या बार्बारोचा मागचा उजवा पाय सुरुवातीच्या काही शे मीटरमध्येच वीसहून जास्त तुकड्यांत मोडला. लोकांनी रफियन आठवली. पण या वेळी पुढचे तास वेगळे गेले.

त्याला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरला नेलं. डीन रिचर्डसन यांनी दुसऱ्या दिवशी पाच तासांहून अधिक शस्त्रक्रिया केली, धातूची पट्टी आणि २७ स्क्रू बसवले. मग त्याला गादीच्या खोलीत न ठेवता, भुलीत असतानाच क्रेनने उचलून पाण्याच्या टाकीत खास तराफ्यावर तरंगत ठेवलं. पायांभोवती रबरी कवचं होती. तो जागा होत असताना पाय मारत होता, पण पाय पाण्यात होते, आदळायला काही नव्हतं. पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्याला उचलून थेट चार पायांवर उभं केलं. तो उभा राहिला. शुद्धीवर येण्याची जी घडी रफियनला घेऊन गेली, ती बार्बारोने ओलांडली.

मेला तो दुसऱ्या पायाने. मोडलेला उजवा पाय वाचवण्यासाठी त्याने भार मागच्या डाव्या पायावर टाकला, आणि जुलैत त्या डाव्या खुरात लॅमिनायटिस उमटला. खुराच्या आतलं हाड आणि बाहेरचं शिंगी कवच यांच्यात पडद्यांची वीण असते. त्या विणीला लागणारं रक्त खुराच्या चालीने, पायावर कमी-जास्त होणाऱ्या भाराने फिरतं. घोडा सतत एकाच पायावर उभा राहिला की रक्त अडतं, वीण सुटते, आणि हाड कवचापासून निखळायला लागतं. रिचर्डसन यांनी बार्बारोच्या त्या खुराचं बहुतेक कवच काढून टाकलं. सहा महिने सगळ्यांनी झुंज दिली. २९ जानेवारी २००७ रोजी बार्बारोलाही मरण दिलं गेलं. तोवर मूळचा मोडलेला पाय बऱ्यापैकी जुळलेला होता.

म्हणजे दुखावलेल्या पायाची काळजी घेताना नजर उरलेल्या तीन पायांवरही हवी. हे मोठ्या दवाखान्याला जितकं लागू आहे तितकंच टेकडीवरच्या तट्टाला लागू आहे.

आपल्याकडे

माथेरानला मोटारी नाहीत, तिथे माणसं आणि सामान घोड्यावरही चढतं. पाचगणीच्या टेबललँडवर घोडे दिवसभर फिरतात. सारंगखेड्याच्या यात्रेत दरवर्षी हजारो घोडे येतात, विकले जातात, टेम्पोत उभे करून शेकडो किलोमीटर नेले जातात. यांच्यातल्या कुणाला न्यू बोल्टनची टाकी मिळणार नाही. बहुतेकांना तिची गरजही पडत नाही. त्यांचा पाय सुजतो तो दगडावर मुडपून, खिळा लागून, शीर ताणून, दुसऱ्या घोड्याची लाथ बसून. हे पाय वाचतात, जर पहिला दिवस वाया गेला नाही तर.

पहिल्या दिवशी घोड्याला कामावरून थांबवा. नळीने गार पाणी पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. ताज्या सुजेवर गरम तेल चोळू नका. पट्टी बांधायची तर आधी जाड कापूस, मग सगळीकडे सारख्या ताणाने पट्टी. कमी कापसावर आवळलेली पट्टी शीर कापते. दुखऱ्या पायाला बांधाल तेव्हा जोडीच्या चांगल्या पायालाही आधाराची पट्टी द्या, खाली जाड गवत टाका, आणि रोज त्या चांगल्या खुरावर हात ठेवून ते गरम होतंय का बघा. ताप मोजा, साडेअडतीस अंशांच्या वर गेला तर ती साधी मुडप नाही. जखम सांध्याजवळ असेल आणि तिच्यातून पिवळसर, तार सुटणारं पाणी येत असेल, तर जखम इवलीशी असली तरी डॉक्टर त्याच दिवशी हवा, उद्या नाही. सांध्यात जंतू शिरले तर वाचवायचे दिवस फार थोडे असतात. धनुर्वाताची लस चुकवू नका. घोड्याइतकं त्या रोगाला लवकर बळी पडणारं पाळीव जनावर दुसरं नाही. पाय टेकवतच नसेल तर त्याला चालवत कुठेही नेऊ नका, डॉक्टरला घोड्याकडे आणा.

आणि दुखणं दाबणारी गोळी देऊन घोडा पुन्हा खोगिराखाली घालू नका. त्या गोळीने सुजेचं कारण जात नाही, फक्त घोड्याने पाय सांभाळणं थांबतं. रफियनला अॅड्रेनालिनने जे केलं तेच गोळी करते. मोडत असलेला पाय तिला कळलाच नाही आणि ती त्याच्यावर धावत राहिली.

हे सगळं घोडेवाल्याला माहीत नसतं असं नाही. बऱ्याचदा त्याला माहीत असतं, पण घोडा उभा राहिला तर संध्याकाळी घरात चूल पेटायची अडचण होते. म्हणून शेवटची विनंती घोड्यावर बसणाऱ्यांना आहे. हिल स्टेशनला पोराला घोड्यावर बसवण्याआधी एक मिनिट त्या घोड्याचे चारही पाय बघा. एखादा पाय सुजलेला दिसला, तो पाय टेकवताना मान वर उडत असेल, तर बसू नका. घोडेवाल्याला सांगा की याला आज विश्रांती द्या, आणि फेरीचे पैसे तरीही त्याच्या हातात ठेवा.